मदत हवी आहे: बाबा मनातल्या मनातसुद्धा दारापर्यंत पोचत नाहीत

पानगळ | सोमवार, रात्री ११:२०

घाईत लिहितेय, चूभूद्याघ्या. बाबांना पार्किन्सन्स आहे. नव्या फिजिओंनी एक कागद हातात दिलाय. खुर्चीतून उठण्याआधी डोळे मिटायचे, आपण उठून दारापर्यंत चालत गेलो अशी कल्पना करायची, असं पाच वेळा, आणि मग खरोखर चालायचं. वाचायला सोपं आहे. बाबा डोळे मिटतात आणि मिटूनच बसतात. मी शेजारी उभी. बऱ्याच वेळाने विचारलं, "झालं का?" तर म्हणतात, "अजून दारापाशी नाही पोचलो." परवा तर म्हणाले, "अगं, आत्ता कुठे उठतोय." तेवढ्यात मी मनातल्या मनात दारापर्यंत चार वेळा जाऊन आले असते.

टाळाटाळ चाललीये का? डुलकी लागते? की या आजारात कल्पना करण्याची शक्तीच जाते? विसरभोळेपणाची सुरुवात तर नाही ना ही? शुक्रवारी परत जायचंय. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा. "काळजी घ्या" नको, ती घेतेच आहे.

खडूस_आजोबा | रात्री ११:३४

वय किती? आजार किती वर्षांचा? गोळ्या कुठल्या आणि किती वाजता? कोणती बाजू जास्त? चालताना पाय अडकतात का? यातलं काहीच सांगायचं नाही आणि वर "नक्की सांगा". आम्ही काय पत्रिका मांडून बसलोय?

मनोबळ | रात्री ११:५१

ताई, मन अस्थिर असेल तर कल्पना उमटत नाही. मी रोज वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवतो. तीन महिन्यांत माझी पाठदुखी पळाली. बाबांना आधी श्वास शिकवा, चित्र आपोआप दिसायला लागतील.

खडूस_आजोबा | रात्री ११:५३

पाठदुखीचा धागा वेगळा आहे.

पानगळ | मंगळवार, सकाळी ७:१०

काका, रागावू नका. चार वर्षं झाली. लेव्होडोपा सुरू आहे, दिवसातून तीनदा. डावी बाजू जास्त. कंप जवळजवळ नाहीच, ताठरपणा आणि मंदपणा आहे. पाय अडकतात म्हणजे काय ते कळलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात कधीकधी थांबतात, पण मला वाटायचं काहीतरी आठवत असतील. डोकं शाबूत आहे, शब्दकोडं माझ्याआधी सोडवतात. झालं का समाधान? आता सांगा.

टकटक | सकाळी ८:०२

मी फिजिओ आहे, या आजाराचे पेशंट रोज बघतो. दारात थांबतात ते काही आठवत नसतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्याला आम्ही फ्रीझिंग म्हणतो. हे शुक्रवारी आवर्जून सांगा.

आता तुमचा प्रश्न. कल्पनाशक्ती गेलेली नाही, तुमच्या वर्णनावरून तरी. दोन गोष्टी त्यांना विचारा. डोळे मिटल्यावर ते स्वतःला लांबून बघतात का, पडद्यावर दुसरा कोणी चालतोय तसं? की आतून जाणवतं, म्हणजे मांडीवर भार आला, टाच टेकली, अंग पुढे गेलं? आणि घड्याळ लावा. मनातल्या चालण्याला किती सेकंद, खऱ्या चालण्याला किती सेकंद.

आणि एक, रागावू नका. "मी चार वेळा जाऊन आले असते" म्हणता, म्हणजे तुम्ही कल्पना केलीच नाहीत. तुम्ही दाराचा नुसता विचार केलात. आतून नीट कल्पना केली तर निरोगी माणसालाही मनात चालायला साधारण तेवढाच वेळ लागतो जेवढा प्रत्यक्ष चालायला लागतो. एकदा स्वतः करून बघा.

विदाप्रेमी | सकाळी ९:४५

टकटक यांनी अर्धंच सांगितलं. हालचालीची कल्पना ही डोक्यात लावलेली फिल्म नसते. खरी हालचाल आखणारी यंत्रणाच बऱ्याच अंशी चालू होते, फक्त स्नायूंना हुकूम सुटत नाही. त्यात सप्लिमेंटरी मोटर एरिया म्हणतात तो भाग येतो आणि खोल आत असलेली बेसल गँग्लिया येते. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या, डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, बेसल गँग्लियाला डोपामिन पुरत नाही, आणि हे सगळं चक्रच जड फिरायला लागतं. मग हात जसा हळू हलतो तशी हाताची कल्पनाही हळू चालते. एकच गिरणी, दळण खरं असो की खोटं.

१९९५ साली डॉमिनी, देसेती, जानरो आणि सहकाऱ्यांनी 'न्यूरोसायकॉलॉजिया'मध्ये हेच छापलं. आजार मुख्यतः एकाच बाजूला असलेले रुग्ण घेतले. बोटांची ठरावीक क्रमाने हालचाल आधी खरी करायची, मग नुसती मनात. आजारी हात मनातसुद्धा मागे पडला.

म्हणजे तुमचे बाबा टाळाटाळ करत नसावेत, फार इमानदारीने कल्पना करत असावेत.

कोरीपाटी | सकाळी ११:१५

याला अफँटेशिया म्हणतात! मला आहे. डोळे मिटून लाल चेंडू आणा म्हटलं की मला नुसता काळोख. अॅडम झीमन यांनी २०१५ मध्ये हे नाव दिलं. चाळीस वर्षं मला वाटत होतं की "डोळ्यांसमोर आणा" ही फक्त बोलायची पद्धत आहे. बाबांना लाल चेंडू दिसतो का विचारा. अजून कोणाकोणाला दिसत नाही इथे?

आडवाट | सकाळी ११:२२

मला चेंडू दिसतो, पण रंग येत नाही.

सटरफटर | सकाळी ११:३१

मला दिसतो आणि टप्पेपण घेतो :)

टकटक | दुपारी १:०५

चेंडूचा वेगळा धागा काढा, प्लीज. चेंडू दिसणं हा डोळ्यांच्या कल्पनेचा भाग, पाय उचलल्याचं जाणवणं हा हालचालीच्या कल्पनेचा. दोन्ही एकत्र जातीलच असं नाही. आमच्याकडे जी प्रश्नावली वापरतात तिच्यातसुद्धा हे वेगळं विचारतात. एकच हालचाल, पण चित्र किती स्पष्ट होतं याला १ ते ५ गुण वेगळे आणि अंगात किती जाणवली याला १ ते ५ वेगळे. पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातले कितीतरी लोक स्पष्टपणाचे गुण अगदी नीट देतात. बिघडतो तो वेग.

वनस्पतीमित्र | दुपारी २:४०

एवढा काथ्याकूट कशाला? खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं. चूर्ण सुरू करा, मनातले आणि बाहेरचे दोन्ही पाय पळतील.

खडूस_आजोबा | दुपारी २:४४

असतं, म्हणूनच सुरू करायचं नाही. बाबा आधीच लेव्होडोपा घेतायत. त्यावर तेच औषध, तेही किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते माहीत नसताना? अंग वेडंवाकडं हलायला लागलं की मग कोणाला फोन करायचा, तुम्हाला?

संपादक | दुपारी ३:३०

औषधांचे सल्ले इथे देऊ नयेत, ते न्यूरोलॉजिस्टचं काम आहे. त्या विषयावरचे पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. चेंडूचे अकराही.

उजवाच_बरा | संध्याकाळी ६:१८

मी इथे फारसा लिहीत नाही. मला स्वतःला हा आजार आहे, सहा वर्षं झाली, माझीही डावी बाजू. धागा वाचून दुपारी पडल्या पडल्या करून बघितलं. चालणं नको म्हटलं, शर्टाचं बटण घेतलं.

उजव्या हाताने: बटण अंगठा आणि तर्जनीत, कड तिरकी करून काजात, पलीकडून ओढलं, झालं. मग डावा हात. बोटं बटणापर्यंत गेली. बटण सापडलं. आणि ते तिरकं होईना. मी डोळे मिटून पडलोय, हात चादरीवर, अंगात बनियन, खोलीत एकही बटण नाही, आणि ते नसलेलं बटण मला तिरकं करता येईना. काजाची कड नखाला लागत होती, पण बोटात जोर कुठून आणायचा तेच सापडत नव्हतं. शेवटी मी लबाडी केली. बटण लागलेलं आहे असं चित्र बघितलं आणि पुढच्या बटणावर गेलो. लबाडी केल्याचं मला कळलं. शेजारी कोणी घड्याळ घेऊन उभं असतं तर त्याला कळलं नसतं.

पानगळ, "झालं का, झालं का" विचारू नका त्यांना. मधेच विचारलं की पुन्हा खुर्चीपासून सुरुवात करावी लागते.

पानगळ | संध्याकाळी ६:५०

वाचून गलबलून आलं. हे बाबांनी कधीच सांगितलं नाही. मीही असं विचारलं नाही म्हणा.

विदाप्रेमी | संध्याकाळी ७:०५

उजवाच_बरा, तुमची लबाडी फार मोलाची आहे! २००७ मध्ये हेल्मिख, डी लांगे, ब्लूम आणि टोनी यांचा अभ्यास 'न्यूरोसायकॉलॉजिया'मध्येच आला होता. रुग्णांना वेगवेगळ्या कोनांत फिरवलेली हातांची चित्रं दाखवायची, हा डावा की उजवा ते ओळखायचं. ओळखताना माणूस नकळत आपलाच हात मनात वळवून बघतो. जास्त बाधित हाताच्या वेळी या रुग्णांच्या मेंदूत मागचे, बघण्याशी संबंधित भाग जादा काम करताना दिसले. तुम्ही केलंत तेच, आतून वळेना तर बाहेरून बघून घेतलं. त्यांनी लेखाच्या शीर्षकातच याला भरपाई म्हटलंय, लबाडी नाही.

रातवा | रात्री ९:३०

थोडं अवांतर. माझ्या ह्यांनाही पार्किन्सन्स आहे. दिवसा कूस बदलायला मदत लागते, आणि रात्री झोपेत अशी लाथ घालतात की मी पलंगावरून खाली! आवाजही दिवसा पुटपुटल्यासारखा आणि स्वप्नात खणखणीत. परवा कोणाला तरी "थांब रे तिथेच!" म्हणून असे ओरडले की शेजारचा दिवा लागला. स्वप्नातली कल्पना भरधाव आणि जागेपणीची मंद, हे कसं काय?

पानगळ | रात्री ९:४१

अय्या, बाबापण ओरडतात झोपेत! मला वाटलं वयामुळे. हे लिहायचं राहिलंच की.

खडूस_आजोबा | रात्री ९:४३

वयामुळे म्हणे. कुठलं वय? ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

विदाप्रेमी | रात्री १०:२०

रातवा, अवांतर अजिबात नाही. आरईएम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, एरवी अंग लुळं पडतं, ते या लोकांत नीट पडत नाही म्हणून स्वप्न अंगात उतरतं. २००७ मध्येच पॅरिसच्या एका चमूने अशा रुग्णांच्या जोडीदारांना विचारलं आणि झोपेचं चित्रीकरणही केलं. झोपेतल्या हालचाली जागेपणापेक्षा वेगवान, जोरकस, आवाज मोठा. तेव्हा मेंदू बहुधा बेसल गँग्लियाला वळसा घालून हुकूम पाठवत असावा, असं त्यांनी मांडलं होतं.

टकटक | रात्री १०:३५

पुरवणी म्हणून: पलंगालगत खाली गादी टाका, टोकदार काही जवळ ठेवू नका, आणि न्यूरोलॉजिस्टना सांगा. दोघींनीही.

सायकलवेडा | रात्री ११:०२

यावरून आठवलं. २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये ५८ वर्षांच्या एका गृहस्थांबद्दल आलं होतं. चालताना पाय असे थिजायचे की दोन पावलांत पडायचे, आणि सायकलवर बसवलं तर मस्त चालवायचे. बाबांना सायकल मिळवून द्या.

खडूस_आजोबा | रात्री ११:०४

स्वयंपाकघरात?

मनोबळ | रात्री ११:१०

मुद्दा एवढाच की मनात ताकद आहे. नुसत्या कल्पनेने स्नायू सुधारतात हे सिद्ध झालंय.

विदाप्रेमी | रात्री ११:२६

पार्किन्सन्समध्ये? सिद्ध वगैरे काही नाही. २००७ मध्ये तामिर आणि सहकाऱ्यांनी खऱ्या व्यायामाला कल्पनेची जोड दिली, बारा आठवडे, आणि नुसता व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा हालचालींच्या वेगात फायदा दिसला. रुग्ण २३. मग २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ब्राउन यांनी ४७ जणांवर तुलना केली, एका गटाला कल्पनेचा सराव, दुसऱ्याला नुसतं शिथिलीकरण. सहा आठवड्यांनी दोन गटांत म्हणावा असा फरक नाही. त्यामुळे कागदावर "पाच वेळा कल्पना करा" लिहून देणाऱ्या फिजिओंनी जरा जपून.

टकटक | रात्री ११:४०

कागद देऊन मोकळं होणं चूक, मान्य. पण सरासरीत फरक नाही म्हणजे कोणालाच उपयोग नाही असं होत नाही. माझ्याकडे जे आतून कल्पना करतात ते उठताना कमी अडखळतात, हे मी पंधरा वर्षं बघतोय.

विदाप्रेमी | रात्री ११:४४

विदा?

टकटक | रात्री ११:४६

विदा माझ्यासमोर खुर्चीत बसलेला असतो हो.

खडूस_आजोबा | रात्री ११:५०

व्यनित भांडा. मुलीचा शुक्रवार जवळ आलाय.

पानगळ | बुधवार, रात्री ८:३०

घड्याळ लावलं. आणि एक सांगायचं राहिलं होतं, मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. हा व्यायाम आम्ही सकाळी सहाला करायचो, पहिल्या गोळीच्या आधी. कारण मला साडेसातला निघावं लागतं.

आज रजा घेतली. सहा वाजता: डोळे मिटले, सव्वा मिनिटाने स्वतःच उघडले, म्हणाले, "कंटाळा आला, अर्ध्यातून परत आलो." मी गप्प, "झालं का" विचारलं नाही. गोळी घेतल्यावर तासाभराने पुन्हा. बैठकीतल्या खुर्चीपासून बाहेरच्या दारापर्यंत मनात १७ सेकंद. खरं चाललो तेव्हा १८! मला वाटलं घड्याळच बिघडलं. मग मी बसून केलं, टकटक म्हणाले तसं, टाच टेकवत टेकवत. ७ सेकंद, आणि खरे ६. आधी मी दीडेक सेकंदात जाऊन येत होते, म्हणजे मी नुसता विचार करत होते हे खरं.

आतून की बाहेरून विचारलं. म्हणाले, "उजवा पाय आतून. डावा दिसतो." एवढंच.

पण स्वयंपाकघराच्या दाराने घोळ घातला. तिथवर मनात २१ सेकंद, खरे ४३. चौकटीपाशी आले, टाचा उचलल्या गेल्या, पाय जागच्या जागी थरथरले, जणू बोटं फरशीला डकवली आहेत. मी विचारलं, मनात इथे थांबला होतात का? म्हणाले, "मनात तर सरळ आत गेलो." हे काय आता? बाकी सगळीकडे मन आणि पाय बरोबर आणि इथेच फारकत?

विदाप्रेमी | रात्री ९:०५

हे अगदी असंच मोजलं गेलंय. २०११, कोहेन, नट, हॉराक वगैरे, पुन्हा 'न्यूरोसायकॉलॉजिया'. लहानमोठ्या रुंदीची दारं, आधी मनात चालायचं, मग खरं. ज्यांचे पाय थिजतात त्यांना दारातून आपण मावू की नाही याचा अंदाज नीट होता. नजरेचा घोटाळा नाही. फक्त अरुंद दारात पाय जितके मंदावत होते तितकं मन मंदावत नव्हतं. दाराचा अडथळा कल्पनेत पुरता उतरतच नव्हता.

उजवाच_बरा | रात्री ९:२०

अगदी. मनातल्या घरात माझी सगळी दारं रुंद आहेत.

टकटक | रात्री ९:४८

पानगळ, छान काम केलंत. सहाचा व्यायाम बंद. गोळीचा अंमल असतानाच करायचा, कारण त्यानंतर लगेच खरं चालायचं असतं आणि तेव्हा पाय साथ देतात. आठवड्यात एक सोडून एक दिवस घड्याळ लावा, रोज नको, परीक्षा वाटेल.

दारासाठी: चौकटीच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर गडद रंगाच्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा, एका पावलाच्या अंतराने. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो, हे फार जुनं निरीक्षण आहे. आणि कल्पनेआधीही त्या पट्ट्या बघून घ्यायच्या. दृश्य खुणा दिल्या की मनातली हालचालही कमी रेंगाळते, हेरेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलंय. घ्या विदाप्रेमी, विदा.

विदाप्रेमी | रात्री ९:५२

तो अभ्यास हाताच्या हालचालीचा होता, चालण्याचा नाही. पण घेतला.

पानगळ | शुक्रवार, रात्री १०:१५

जाऊन आलो. फ्रीझिंगचं सांगितल्यावर फिजिओंनी कागद फाडून नवा लिहिला. आता पाच नाही, दोनच वेळा, आणि अख्खं चालणं नाही: फक्त खुर्चीतून उठणं, डाव्या पायावर भार घेऊन. झोपेतल्या ओरडण्याचं न्यूरोलॉजिस्टना विचारायचंय, पुढच्या आठवड्यात. पट्ट्या लावल्या, पिवळ्या. पहिल्या दिवशी ओलांडल्या, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पट्टीपाशी पुन्हा अडकले, आज ठीक.

येताना रिक्षात बाबांना सगळं सांगितलं, गिरणी, दळण, १९९५. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी रोज हेच सांगत होतो ना तुला, की चाललोय म्हणून."

सगळ्यांचे आभार. चेंडूवाल्यांचेही.

कोरीपाटी | रात्री १०:२२

मग त्यांना लाल चेंडू दिसतो का?

खडूस_आजोबा | रात्री १०:४०

पट्ट्यांच्या कडा उचकटल्या की लगेच बदला, पाय त्यातच अडकतो. आणि वय?